बोली

दुकानाच्या गल्ल्याखाली माझी एक जाड वही असते. डाव्या पानावर घेतलेली डोमेन नावं, तारीख, किंमत, नूतनीकरणाचा महिना. उजव्या पानावर विक्री. वही २०१२ पासूनची आहे. डावी पानं गच्च भरलीत. उजव्या पानांवर भाच्याने लहानपणी काढलेले बैल आणि ट्रॅक्टर आहेत. जागा मोकळीच होती.

कुरखेड्यात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. सातबारा, दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म यांवर घर चालतं. नावांचा धंदा रात्रीचा. इंटरनेटवरचं एखादं नाव वर्षाच्या बोलीने घ्यायचं, दरवर्षी पैसे भरून टिकवायचं आणि ज्याला ते खरंच हवंय तो येईपर्यंत थांबायचं. शंभरातली एक-दोन नावं वर्षाला गेली तरी बरं चाललंय, असं या धंद्यात मानतात. हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं ते ‘बिझनेस डॉट कॉम’ १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरला विकलं गेल्याचं. लॉटरीच्या दुकानात बक्षीस लागलेल्या माणसाचाच फोटो लावतात, तसंच हे.

पहिली चूक अगदी शाळकरी होती. एका मोठ्या कंपनीच्या नावातलं एक अक्षर बदलून मी नाव घेतलं. घाईत टाईप करणारे चुकतील, माझ्या पानावर येतील, जाहिरातीचे पैसे मिळतील, असा हिशेब. तीन महिन्यांत वकिलाचं पत्र आलं. तेव्हा कुठे वाचायला बसलो. ‘रेडिफ’ने ‘रॅडिफ’विरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती आणि १९९९ सालीच न्यायालयाने रेडिफच्या बाजूने आदेश दिला होता. डोमेन हा नुसता पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हासारखं संरक्षण आहे, हे सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये ‘सिफी’च्या खटल्यात मान्य केलं. मी नाव मुकाट्याने, फुकट देऊन टाकलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘जिओहॉटस्टार’ची बातमी गाजली. दिल्लीच्या एका तरुणाने ते नाव आधीच घेऊन ठेवलं होतं आणि त्या बदल्यात तो केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागत होता. तेव्हा गावातली दोन पोरं दुकानात आली. “असंच एखादं सांगा ना सर.” मी त्यांना वहीचं पहिलं पान दाखवलं. पोरं निराश होऊन गेली.

बाकीच्या चुका मात्र माझ्या स्वतःच्या, कोणाची नक्कल न करता केलेल्या.

२०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि वाहतुकीचे निर्बंध उठवले. आमच्या भागात ही मोठी बातमी. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टोपल्या घेऊन झाडाखाली बसलेल्या बायका मी जन्मापासून पाहतोय; त्यात माझी आईही होती. आता मोहाचे लाडू होतील, सरबत होईल, कंपन्या येतील, असं मला दिसू लागलं आणि त्या आठवड्यात मी अकरा नावं घेतली. खरं तर ते एकच नाव होतं, अकरा स्पेलिंगांचं. ‘फुल’ला एफ की पी-एच? यू एक की ओ दोन? ‘मोह’च्या शेवटी ए लावायचा की नाही? कोण कसं लिहील सांगता येत नाही, म्हणून सगळीच घेतली. ही मला हुशारी वाटली होती.

वर्षभराने पुण्याहून एकाचा फोन आला. मोहाचा जॅम करणार होता. मी एकेक नाव वाचून दाखवलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, “महुआ नाही का तुमच्याकडे? बाहेर सगळे महुआच म्हणतात हो.” अकरांत एकही ‘महुआ’ नव्हतं. नाव घेताना मी आईच्या अंगणात उभा होतो आणि जॅमचं गिऱ्हाईक उभं होतं तिसऱ्याच राज्यात.

देवनागरी नावांचंही तेच झालं. ‘डॉट भारत’ २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं तेव्हा वाटलं, चला, स्पेलिंगचा जाच संपला. घेतलं ‘मोहफुल’. मग एका मास्तरांनी सांगितलं, शुद्ध रूप ‘मोहफूल’. इंटरनेटच्या लेखी ही दोन वेगळी नावं. यंत्राला ती आतून रोमन अक्षरांच्या लांबलचक माळेत बदलून घ्यावी लागतात. जुन्या फोनमध्ये कधी ती माळच पत्त्याच्या पट्टीत दिसायची आणि गिऱ्हाईक विचारायचं, व्हायरस आहे का? दोन्ही नावं सोडून दिली.

वडशाचा किस्सा थोडक्यात सांगतो. आमच्याच तालुक्यातल्या गुरनोलीचे नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीपट्टी रंगभूमीचं नाव सगळीकडे झालं आणि मी नाटकांच्या बुकिंगसाठी चार नावं घेऊन वडशाला गेलो. तिथे नाटक कंपन्यांची कार्यालयं, दिवाळीच्या तोंडावर तारखा घ्यायला आलेली गावोगावची मंडळं. एका व्यवस्थापकाने माझं शांतपणे ऐकून घेतलं. “भाऊ, आमचं गिऱ्हाईक येते, बसते, चहा पिते, मंग तारीख ठरते. त्यात हे कायले?” त्याच्या लेटरहेडवर ‘झाडी’ला झेड होता आणि बाहेरच्या बोर्डावर जे-एच. मी चहा पिऊन परतीची एसटी धरली.

आता वहीतलं एकमेव चांगलं नाव. २०११ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक मिळालं. पुढच्या वर्षी मी बांबूचं एक नाव घेतलं, डॉट कॉम, दोनच शब्दांचं. इंग्रजीत बांबू हा शब्द सगळे सारखाच लिहितात. पण हा गुण पाहून काही मी ते घेतलं नव्हतं. हाताला लागलं, एवढंच.

१ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डातून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना आधी संमती द्यावी लागू लागली. माझी नावं परदेशी विक्रेत्याकडे होती आणि पैसे कापले जायचे थांबले. चूक बँकेची नव्हती. नियमाची बातमी मी वाचली होती, दुकानात येणाऱ्यांना समजावूनही सांगितली होती. स्मरणपत्रं गेली माझ्या जुन्या ई-मेलवर, जो मी उघडतच नव्हतो. नोव्हेंबरात बांबूच्या नावाची मुदत संपली, मला कळलं जानेवारीत. डॉट कॉमला मुदतीनंतर विक्रेत्यानुसार ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या दरात नूतनीकरण करता येतं, त्यानंतर ३० दिवस दंड भरून सोडवता येतं, मग ५ दिवस कुलूप, आणि मग नाव मोकळं. मी दंडाच्या मुदतीत होतो. दंड नेहमीच्या दहापट. मी वहीत आकडेमोड केली आणि ठरवलं, कशाला भरायचा? कुलपाचे ५ दिवस जाऊ दे, मोकळं झालं की साध्या दरात घेऊ.

ही एवढी चूक मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. मोकळी होणारी नावं टिपायला यंत्रं बसवलेली असतात. एका सेकंदात कितीदा मागणी टाकतात त्याला गणती नाही. मी सकाळी चहा घेऊन बसलो तेव्हा नाव गेलेलं होतं. त्या नावाच्या पानावर आता बांबूच्या फर्निचरच्या जाहिराती दिसतात.

त्यानंतर मी काही थांबलो नाही. उलट लिलावात उतरलो. रात्री दीड वाजता समोरचा बोली वाढवतोय म्हणजे नावात काहीतरी असणार, अशी समजूत. तेंदूच्या लिलावात ठेकेदारही फांदीवरच्या, अजून न फुटलेल्या पानावर बोली लावतो, पण त्याने निदान जंगल पाहिलेलं असतं. मी समोरच्याचा आकडा तेवढा पाहत होतो. ते नाव वहीत आहे. उजवीकडे ट्रॅक्टर.

हल्ली नाव घेण्याआधी एक खेळ करतो. मी आईच्या कानात नाव सांगतो. ती मागच्या अंगणात जाऊन भाच्याला सांगते आणि तो ऐकेल तसं फोनवर टाईप करतो. आई तेंदूचा ७० पानांचा पुडा बांधायला बसली की भोक पडलेलं पान न बघताच बाजूला टाकते. नावांचंही ती तसंच करते. “हे तोंडात बसत नाही,” म्हणाली की संपलं.

परवा कोरचीकडच्या जांभळांवरून एक नाव सुचलं. आईला सांगितलं. आमच्या झाडीबोलीत ‘ळ’ नाही. डोळ्याचा डोरा होतो. ती अंगणात जाऊन म्हणाली, “जांभूर.” पुढचा शब्द तिने बरोबर सांगितला. भाचा हसला, पण खेळाच्या नियमाप्रमाणे त्याने ऐकलं तेच टाईप केलं आणि फोन माझ्याकडे आणून दिला.

“मामा, हे गेलंय.”

मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर पाहिलं. माझं, एलवालं नाव मोकळं होतं. आरवालं कोणीतरी २०१९ मध्येच घेऊन ठेवलं होतं.