अण्णांची शब्दांची फाईल

"तूं आयल्याबगर हें जावचें ना," असं ताई फोनवर म्हणाली तेव्हा मला वाटलं, तिच्या सासूबाईंचं काही बरंवाईट. पण माई ठणठणीत होत्या. बिघडला होता तो कॉम्प्युटर. "चालू केला की दोन मिनिटं शहाण्यासारखा वागतो, मग निळा पडतो आणि रडतो," ताई म्हणाली. रडतो म्हणजे शब्दशः. पडद्यावर एक रडकं तोंड यायचं, खाली 'काहीतरी अडचण आली आहे' अशा अर्थाची ओळ, आणि मग यंत्र आपलं आपण बंद होऊन पुन्हा सुरू. पुन्हा दोन मिनिटं, पुन्हा रडणं.

मी सरकारी कारकून. बी. ए., तेही मराठी घेऊन. पण दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो या एवढ्याच पुण्याईवर आमच्या कुटुंबात मी कॉम्प्युटरतज्ज्ञ. ही २०१६ सालच्या दिवाळीची गोष्ट. सुट्टी होतीच, रजेचे चार दिवस जोडले आणि निघालो. फोंड्याहून आदिलाबादला जाणं म्हणजे सोपं काम नव्हे. आधी मुंबई, तिथून नंदीग्राम एक्स्प्रेस, मग औरंगाबाद, नांदेड, किनवट करत दुसऱ्या दिवशी सकाळी आदिलाबाद. भावोजी वास्कोला एका बँकेत होते तेव्हा जुळलेलं हे लग्न. पुढे त्यांनी बदली मागून घेतली आणि ताई तेलंगणात गेली.

खरं तर 'तेलंगणात गेली' म्हणायला जीभ अडखळते. पैनगंगा ओलांडली की पलीकडे यवतमाळ. बाजारात कापसाच्या गाड्यांजवळ उभं राहिलं तर एकाच सौद्यात तेलुगू, मराठी आणि दख्खनी हिंदी ऐकू येते. गावांतून येणाऱ्यांची गोंडी वेगळीच. आणि मी पोचलो तेव्हा तर जिल्ह्याचंच नुकतं अपग्रेड झालं होतं! दसऱ्याच्या दिवशी, ११ ऑक्टोबर २०१६ ला, एका आदिलाबादचे चार जिल्हे झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कोमरम भीमच्या नावाचा आसिफाबाद. भावोजी म्हणाले, "आमच्या अर्ध्या नातेवाईकांचा जिल्हा बदलला, त्यांना अजून पत्ता लिहिता येत नाही."

असो. तर कॉम्प्युटर.

भाच्याने जुलै महिन्यात नवी सिस्टिम फुकट मिळते म्हणून टाकून घेतली होती. फुकट ते पौष्टिक! सुरुवातीला चाललं, मग रडणं सुरू झालं. जुन्या आवृत्तीवर परत जायची सोय असते, पण तिला मुदत असते आणि ती केव्हाच उलटली होती. नाक्यावरच्या दुकानातला पोरगा येऊन बघून गेला होता. त्याचं निदान तयार होतं : "फॉरमॅट मारना पडता, अम्मा. सब साफ हो जाता."

सब साफ. त्या दोन शब्दांनीच ताईने मला गोव्याहून बोलावलं.

त्या यंत्रात तिच्या सासऱ्यांची, अण्णांची, फाईल होती. अण्णा मराठी माध्यमाच्या शाळेत शिक्षक होते. (हो, आदिलाबादेत मराठी शाळा आहेत.) निवृत्तीनंतर त्यांनी एक खूळ घेतलं. इथल्या मराठीत वावरणारे, पण पुण्यामुंबईच्या कोशात पटकन न सापडणारे शब्द गोळा करायचे. आधी वह्यांत, मग टायपिंग शिकून कॉम्प्युटरवर. वह्या एका पावसाळ्यात वाळवीने खाल्ल्या. अण्णा २०१४ मध्ये गेले. उरली ती फाईल, आणि तीही त्या एकाच डबड्यात. पेन ड्राईव्हवर कुणी घेतली नव्हती का? नव्हती. आपण आपल्या फायली घेतो का?

मी जे केलं ते कुणालाही करता येण्यासारखं आहे म्हणून सांगतो. यंत्र लागोपाठ दोन-तीनदा पडलं की सिस्टिम स्वतःच दुरुस्तीची यादी पुढे करते. त्यातून सेफ मोडमध्ये शिरता येतं. सेफ मोड म्हणजे उपासाच्या दिवसासारखं, अगदी आवश्यक तेवढंच पोटात. तिथे यंत्र पाच मिनिटं चाललं, दहा चाललं, अर्धा तास चाललं. याचा अर्थ हार्ड डिस्क, मेमरी बहुधा शाबूत, आणि दुखणं नंतर चढवल्या जाणाऱ्या एखाद्या ड्रायव्हरचं. पहिलं काम काय केलं असेल तर अण्णांचं अख्खं फोल्डर दोन पेन ड्राईव्हवर उतरवून घेतलं. एक ताईच्या कपाटात गेला, एक माझ्या खिशात. दुरुस्ती त्यानंतर.

चोर सापडायला रात्रीचे अकरा वाजले. अण्णांचं मराठी टायपिंगचं पॅकेज २००३ सालचं. तेव्हा अशा पॅकेजबरोबर एक कुलूप यायचं, कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या सॉकेटला लावायचं. ते असलं तरच प्रोग्राम उघडायचा. त्या कुलपाशी बोलणारा जुना ड्रायव्हर नव्या सिस्टिमला झेपत नव्हता. कुलूप काढलं, ड्रायव्हर काढला, सगळं पॅकेजच काढून टाकलं. यंत्र पुन्हा सुरू केलं. दोन मिनिटं, पाच मिनिटं, वीस मिनिटं... रडणं बंद! माईंनी त्या वेळी उठून चहा केला. मी भाच्यासमोर थोडा ताठ बसलो होतो हे कबूल करतो.

मग फाईल उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, डॉलरची चिन्हं. पानंच्या पानं. एकही मराठी अक्षर नाही. पॅकेज जाताना आपले फॉन्टही घेऊन गेलं होतं, आणि ते मीच घालवलं होतं. मूळ सीडी शोधून काढली तर ती आरशासारखी चमकत होती आणि तिच्यावर चरे होते, वाचता येईना. नेमका तो फॉन्ट दुसरीकडेही कुठे मिळाला नाही. ताई काही बोलली नाही. तिने नुसतं त्या पडद्याकडे पाहिलं.

आपल्यापैकी ज्यांनी नव्वदच्या दशकात आणि पुढेही मराठी टाईप केलं त्यांना हा प्रकार ठाऊक असेल. त्या फॉन्टांत मराठी नव्हतीच. यंत्राच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच, फॉन्ट त्यांच्यावर क, ख, ग चे मुखवटे चढवायचा. मुखवटे गेले की खाली परका चेहरा. प्रत्येक कंपनीचे मुखवटे वेगळे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तिथे क म्हणजे क, मग फॉन्ट कुठलाही असो. पण २००३ मध्ये हे अण्णांना कोण सांगणार होतं? आमच्याही कार्यालयात कुणी सांगितलं नव्हतं.

नशीब असं, की अण्णांनी सुरुवातीची चौदा पानं छापून ठेवली होती. ताई छापील पान वाचायची, मी पडद्यावरच्या खिचडीत तेच शोधायचो आणि कागदावर तक्ता मांडायचो : हे चिन्ह म्हणजे ग, हे म्हणजे अर्धा श. वाटलं होतं, एका बैठकीत होईल. पण त्या फॉन्टांत अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने टाईप केलेली असतात. 'ति' लिहिताना वेलांटी आधी, त मागून. रफार त्याच्या अक्षरानंतर. युनिकोडमध्ये उलट, जसं उच्चारतो तसं. त्यामुळे नुसतं शोधा-आणि-बदला करून भागेना, उलटापालट करावी लागली. तीन दिवस गेले. भाचा हुशार, तिसऱ्या दिवशी त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि माझा ताठा उतरवला.

आणि मग शब्द येऊ लागले. सर्फ-ए-खास : निजामाची खाजगी मिळकत असलेला मुलूख. हाली : हैदराबादचा रुपया, जो १९५९ पर्यंत चालत होता. जमिनीच्या कागदांतले सेतवार, पहाणी. धान्याचं माप पल्ला. प्रत्येक शब्दापुढे अण्णांनी तो कुणाच्या तोंडून ऐकला ते लिहिलं होतं : शेजारचा गाडीवान, अडत्याचा मुनीम, शाळेचा शिपाई. वाचताना मला सारखी आमची मात्रीज आठवत होती, आणि कोमुनिदादीचा एस्क्रिव्हांव, आणि जनेल. हैदराबाद १९४८ च्या १७ सप्टेंबरला मोकळं झालं, आम्ही १९६१ च्या १९ डिसेंबरला. पण जमिनीचे कागद जुन्या साहेबाच्याच भाषेत बोलतात, तिथेही आणि इथेही. फरक इतकाच, की आमच्याकडे असे शब्द कारकुनांच्या तोंडी तरी आहेत. फाईल करून ठेवलेली मला माहीत नाही.

परतायच्या आदल्या दिवशी भावोजींनी गुंजाळा गावाची गोष्ट सांगितली. याच जिल्ह्यात, नारनूर मंडलात. तिथल्या गोंडांकडे त्यांच्या स्वतःच्या लिपीतली हस्तलिखितं सापडली. ती १७५० च्या सुमाराची मानतात. ती लिपी वाचू शकणारे गावात मोजके वृद्ध उरले होते. हैदराबाद विद्यापीठातले जयधीर तिरुमल राव आणि त्यांचे सहकारी ती उजेडात आणण्यासाठी झटले. २०१८ च्या जूनमध्ये 'गुंजाळा गोंडी' युनिकोडमध्ये आली. म्हणजे आता त्या अक्षरांना कुठल्या कंपनीच्या कुलपाची गरज नाही. बातमी वाचली तेव्हा मला आमची गोंयकानडी आठवली. गावकारीचे जुने कागद त्या लिपीत आहेत, ते वाचणारे किती असतील?

अर्थात युनिकोड म्हणजे अमरपट्टा नव्हे. त्याच वर्षी फेब्रुवारीत तेलुगूतल्या एका अक्षराने आयफोन आणि मॅक कोसळत होते. कुणी ते निरोपात पाठवलं, की घेणाऱ्याचं ॲप बंद. अक्षर कुठलं? तर 'ज्ञा'! त्यात एक न दिसणारं चिन्ह दडलं होतं आणि जोडाक्षर काढताना प्रणाली गडबडत होती. नंतर कळलं, की बंगालीतल्या आणि आपल्या देवनागरीतल्या काही जोडण्यांनीही तेच घडत होतं. १९ फेब्रुवारीला ॲपलने दुरुस्ती दिली. मी ताईला फोन केला, म्हटलं, ज्ञानाचं वजन यंत्राला पेलत नाही. ती हसली, मग म्हणाली, "तें सोड. तुझा पेन ड्राईव्ह अजून आसा मरे?"

आहे. शिवाय फाईल आता चार ठिकाणी आहे. पण ती पूर्ण नाही. छापलेल्या चौदा पानांत न आलेली काही चिन्हं पुढच्या पानांत होती. बरीच आम्ही संदर्भाने ओळखली. जी ओळखता आली नाहीत तिथे मी चौकोन ठेवले, अंदाजाने काही भरलं नाही. माईंना शब्द वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी डोळे मिटून एकेक करत सात चौकोन भरून दिले. एका शब्दाला अडल्या. म्हणाल्या, "हा ह्यांनी माझ्याच माहेरचा घेतलेला. तोंडात आहे बघ, येत नाही."

तीन चौकोन अजून आहेत.