उलटं अक्षर

चामोर्शीच्या बाजारात मी वांगी आणायला गेलो होतो, हे घरात अजून कोणाला पटलेलं नाही. सुक्या मासळीच्या ओळीपलीकडे एक म्हातारबाबा पोतं पसरून जुनं लोखंड मांडून बसतात. बिनदांड्याची टिकासं, बोथट इळे, पावशीचं पातं, बैलगाडीच्या चाकाची अर्धी धाव. त्यात एक हातोडा होता. हातोडा तरी कसं म्हणावं? एका अंगाला कुऱ्हाडीसारखं चार बोटं रुंद पातं, दुसऱ्या अंगाला जुन्या रुपयाएवढं गोल तोंड आणि त्या तोंडावर उंचवटे. अंगठा फिरवला की काहीतरी लिहिलेलं लागे. वाचायला गेलो की काही नाही.

"हे कायचं होय, बाबाजी?"

"लोखंडाचं," ते म्हणाले. "किलोनं देतो जी."

जुनं हत्यार ओळखायचं तर आधी पात्याकडे बघू नये, असं माझं मत आहे. पातं घासलं की कालचं वाटतं. मूठ मात्र धरणाऱ्याची चहाडी करते. कुठे घाम मुरला, अंगठा कुठे टेकला, माणूस डावखुरा होता की काय, सगळं सांगते. इथे दांडा मोडलेला होता, पण नेढ्यात त्याची काडीभर ठुणी अडकून राहिली होती. म्हाताऱ्यांनी नखानं कुरतडून सांगितलं, धामण. धामण लवते, लवकर मोडत नाही, म्हणून कावडीला तीच आणि कुऱ्हाडीलाही तीच. म्हणजे हे हत्यार दोन्ही हातांनी उगारून मारायचं. पण कशावर?

घरी कणीक मळून झाकून ठेवलेली होती. कोणी बघत नाही असं पाहून मी ते गोल तोंड गोळ्यात दाबलं. उचललं तर कणकेवर अक्षर सुलटं उभं: इंग्रजी आर, भोवती त्रिकोण. त्या दिवशीच्या एका पोळीवर तो थोडासा उरला होता.

आणि मग मला बल्लारपूरचा डेपो दिसला.

माझा मामा एका लाकडाच्या ठेकेदाराकडे मुनीम होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्याच्यामागे डेपोत जायचो. सागाच्या लठ्ठ्यांच्या थप्प्या, दोन थप्प्यांच्या मधून गल्ल्या, आणि गल्लीत नव्या चपलेसारखा वास. ताज्या सागाला असा कातड्याचा वास येतो, हे सांगितलं तर शहरातले लोक हसतात. लठ्ठ्यांच्या तोंडांवर आकडे असत, लांबी, घेर, नग. मी ते मोठ्यानं वाचत जायचो, पाढे म्हणावेत तसे. लिलावात माल सुटला की मामा पत्र्याच्या पेटीतून हॅमर काढी. मजूर पाय रोवून उभा राही, हॅमर खांद्यावरून येई आणि लठ्ठ्याच्या पोटातून असा दणका निघे की पलीकडच्या टोकाला कान लावून बसलेल्या मला तो दातांत जाणवे. लाकडाच्या तोंडावर अक्षर रुतून बसे, कडा अगदी स्वच्छ. "ठोकला की आपला," मामा म्हणे. एकदा हट्ट करून मी हॅमर घेतला. तिरपा बसला. अर्धंच अक्षर उमटलं, चंद्रकोरीसारखं. "अर्धं अक्षर म्हणजे चोरीचा माल," मामा हसला आणि शेजारी दुसरा पुरा ठोका मारून घेतला. पुढे तो लठ्ठा कोणाच्या दारात, कोणाच्या पलंगात गेला कोण जाणे. रंध्यानं आधी तोंडच तासलं असेल.

जंगलात ही गोष्ट झाड उभं असतानाच सुरू होते. कूप, म्हणजे तोडीला काढलेला जंगलाचा पट्टा, पाडण्याआधी पात्यानं साल तासायची, एक जागा छातीच्या उंचीवर, दुसरी बुंध्याशी, आणि दोन्ही ठिकाणी शिक्का. वरचा शिक्का लठ्ठ्याबरोबर जातो, खालचा खोडक्यात राहतो, म्हणजे नाकेदाराला नंतरही झाड कोणत्या हुकमानं पडलं ते बघता येतं. एकाच हत्याराला पातं आणि अक्षर का, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. खोटा शिक्का मारणाऱ्याला 1927च्या भारतीय वन अधिनियमात कलम 63 आहे. मूळ कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण झाडाला कुऱ्हाडीआधी अक्षर गाठतं.

आलापल्लीच्या बाजूला वनवैभव म्हणून जंगलाचा एक तुकडा राखून ठेवलाय. 2014 मध्ये तो जैवविविधता वारसा स्थळ झाला. तिथल्या सागाकडे मान वर करून बघताना माझी नजर आधी बुंध्याशी जाते. सवय वाईट. कमलापूरच्या हत्तींनी एके काळी असेच लठ्ठे ओढले, आणि 2023 मध्ये इथलाच साग अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून वाजतगाजत निघाला.

लाकडाला शिक्का, तसा बांबूला परवाना. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क मिळाला, पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर परवाना लागे. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एवढंसं कागदी पुस्तक. मला त्यात मामाची पत्र्याची पेटी दिसते, फक्त किल्ली यावेळी गावाकडे.

बाबाजींनी हॅमरबरोबर आणखी एक वस्तू तराजूत टाकली होती, वजन पुरं करायला. वीतभर लोखंडी दांडी, टोकाला करंगळीएवढं वाकडं पान, धार फक्त वळणाच्या आतल्या बाजूला, मागे लाकडी मुठीत ठोकायची शेपटी. बुरूड म्हणाला चांभाराची. चांभार म्हणाला सुताराची. सुतारानं हातात घेऊन बराच वेळ उलटीपालटी केली, धार चाटली सुद्धा, आणि म्हणाला, "बुरडाले इचारा." तुमच्या घरच्या माळ्यावर अशी काही असेल आणि तिचं नाव ठाऊक असेल, तर कळवा. वापर नाही सांगितला तरी चालेल, नाव सांगा.