सोरतापवाडीच्या रोपवाटिकांत

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघून हडपसर, लोणी काळभोर मागे टाकले, की सोरतापवाडीच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरव्या जाळीचे मांडव दिसू लागतात. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा याच पट्ट्यातून पुढे इंदापूरकडे जातो. या पाण्यावर उसाबरोबर फुलांची आणि रोपांची शेतीही येथे रुजली आहे. फाल्गुनाच्या अखेरीस या रोपवाटिका पाहाव्यात. सकाळी हवेत अजून गारवा असतो, पिंपळाला तांबूस पालवी फुटलेली असते आणि मोगऱ्याच्या रोपांवर पहिल्या कळ्या धरू लागलेल्या असतात.

गेल्या फाल्गुनात एका रविवारी माझ्या एका रुग्णाच्या कुटुंबासमवेत मी येथे गेले होते. मलाही कुंड्यांसाठी माती हवीच होती. आबांचे वय अठ्ठ्याहत्तर. आदल्या पावसाळ्यात पत्नी गेल्या आणि गावचे घर बंद करून ते मुलाकडे, तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहावयास आले. सहा महिन्यांत त्यांचे वजन चार किलोंनी घटले. सर्व तपासण्या झाल्या. त्यांत शारीरिक कारण आढळले नाही. दिवसा झोप आणि रात्री येरझारा सुरू होत्या. सूनबाईंच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे उमटली होती. नैराश्यावरील औषध सुरू होते व ते पुढेही सुरूच राहिले. बाग हा औषधाला पर्याय नव्हे, हे आरंभीच सांगून ठेवते. परंतु ज्या माणसाने साठ वर्षे सकाळी उठून शिवार पाहिले, त्याला सकाळी उठून पाहण्यासारखे काही उरलेले नव्हते, हेही खरे होते.

मांडवात शिरताच मुलाने फुलांनी लगडलेली रोपे निवडण्यास प्रारंभ केला. आबा काही न बोलता एका पिशवीच्या मातीत बोट खुपसून उभे राहिले. मग म्हणाले, “ही रोपं कालपरवा बदललीत. मुळं धरली नाहीत अजून.” रोपवाटिकेचा मालक हसला. “आजोबा, शेती होती का तुमची?”

“आहे,” आबा म्हणाले.

त्यानंतर निवड त्यांनीच केली : भेंडीचे व दोडक्याचे बी, गवती चहाचा ठोंब, पुदिना आणि एक मोगरा. सूनबाईंना गुलाबी कण्हेर आवडली होती; ती मात्र मी ठेवायला लावली. देवाला वाहण्यासाठी कण्हेर अनेक घरांत असते. पण तिचा प्रत्येक भाग विषारी असतो आणि पोटात गेल्यास हृदयाची लय बिघडते. घरात विस्मरण होणारे वृद्ध किंवा लहान मूल असेल, तर ती नसलेलीच बरी. शोभेच्या डिफेनबाकियाचे पान चावले गेल्यास जीभ व घसा सुजतो, म्हणून त्यालाही आम्ही वगळले.

तेथून उरुळी कांचन जवळच आहे. परतण्यापूर्वी आम्ही निसर्गोपचार आश्रमात गेलो. मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी या गावी मुक्कामाला होते. माती, पाणी, सूर्यप्रकाश आणि साधा आहार यांच्या साहाय्याने त्यांनी येथे ग्रामस्थांवर उपचार आरंभिले. पुढे मणिभाई देसाई यांनी ते कार्य सांभाळले. निसर्गोपचाराचे सगळेच दावे मला मान्य नाहीत. मात्र सकाळचे ऊन, ठरलेल्या वेळा आणि मातीत हात यांच्याशी कोणत्याही डॉक्टरचे भांडण असू नये. आबा तेथील झाडांखाली बराच वेळ बसून राहिले.

घरी बागेची मांडणी करताना आधी आबांच्या शरीराचा विचार केला. बारा इंची कुंडी ओल्या मातीने भरली, की पंधरा किलोंच्या पुढे जाते. ती वृद्धांनी हलवू नये. म्हणून माती, शेणखत व नारळाचा भुसा समभाग घेऊन मिश्रण हलके केले आणि कुंड्या भक्कम लोखंडी मांडणीवर कमरेच्या उंचीला ठेवल्या. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे वाकून झटकन उठताना रक्तदाब उतरतो, भोवळ येते. खुब्याचे हाड मोडण्यास तेवढे निमित्त पुरते. बादलीऐवजी लिटरभराची लोटी, जवळ पाठ असलेली खुर्ची, पायांत न घसरणारी पादत्राणे. मधुमेह असल्यास अनवाणी पाय मातीत घालूच नयेत. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतलेली नसेल, तर ती आधी घ्यावी. कुंडीखालच्या ताटलीतील पाणी आठवड्यातून दोनदा ओतून ताटली घासावी, अन्यथा डेंग्यूचे डास आपण घरीच पोसू.

आपल्याकडचा वसंत अल्पजीवी असतो. चैत्र चढू लागला, की दुपारी गच्चीवरची माती भाजते. म्हणून याच दिवसांत बी टाकावे, वर सुक्या पाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि काम सकाळी नऊच्या आत उरकावे.

सर्वांत कठीण पथ्य सूनबाईंना सांगितले : आबा पाणी घालायला विसरले, तर एकदाच आठवण करायची, त्यांच्या वतीने पाणी घालायचे नाही. दोडक्याचा वेल एप्रिलमध्ये वाळला. आबा दोन दिवस चिडचिड करीत होते. चिडण्याइतका रस त्यांना कशात तरी वाटला, हे मला आश्वासक वाटले. भेंडीला सुमारे दीड महिन्याने पिवळी फुले आली. रात्रीच्या येरझारा पूर्ण थांबल्या नाहीत, कमी झाल्या. वजन घटणे थांबले. आबा बागेत असतात तेव्हा सूनबाईंना अर्धा तास स्वतःचा चहा बसून पिता येतो.

आपण वृद्धांना घेऊन रोपवाटिकेत जाणार असाल, तर सकाळी लवकर जावे. पायवाटा ओल्या व निसरड्या असतात, तेव्हा काठी आणि एक हात आधाराला हवाच. पाकिटातील रंगीत बी बहुधा कीटकनाशक किंवा बुरशीनाशक लावलेले असते. ते हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि उरलेले पाकीट स्वयंपाकघरातील डब्यांजवळ ठेवू नये.