गोदेचे देणे

त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते, तेव्हा तिची धार ओंजळीत मावेल एवढीच असते. अरबी समुद्र तेथून जवळ आहे. पण ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेकडे निघते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. दक्षिण भारतातील ही सर्वांत लांब नदी होय.

या दीर्घ प्रवासात ती कितीतरी जणांची होते. नाशिकचे द्राक्षमळे तिच्या पाण्यावर फुलतात. पैठण येथे, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान नगरीत, सातवाहनांची राजधानी होती. संत एकनाथही तेथलेच. आंध्र प्रदेशात धवलेश्वरम येथे एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन या अभियंत्याने बंधारा उभारला आणि त्रिभुज प्रदेश भातशेतीने हिरवा झाला.

माणसाप्रमाणे पशुपक्ष्यांचाही या पाण्यावर हक्क आहे. नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर येथे बंधाऱ्यामागे गाळ साचून पाणथळ जागा तयार झाली. हिवाळ्यात तेथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. २०२० साली ती महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरली. समुद्राला मिळालेले पाणी वाया गेले, असे पुष्कळांना वाटते. परंतु त्याच गोड्या पाण्यावर आणि गाळावर मुखाजवळचे कोरिंगाचे खारफुटीचे वन जगते. तेथे मासे वाढतात आणि वादळी लाटांचा जोर ओसरतो.

मात्र नदीचे देणे अमर्याद नाही. पाऊस कमी झाला, की नाशिक-नगरच्या धरणांतील पाणी खालच्या जायकवाडीला सोडावे की नाही, असा वाद उभा राहतो. वरच्या शेतकऱ्याचे पीक सुकत असते, खाली मराठवाड्यात हंडे रिकामे असतात. दोघांचीही तहान खरी असते. २०१६ साली गोदावरीची उपनदी मांजरा हिच्यावरील धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. टंचाईची झळ खोऱ्यातील सर्वांनी सारखी सोसावी, हे तत्त्व महाराष्ट्राने २००५ च्या कायद्यात स्वीकारले आहे. परंतु कायदा कागदावर असतो. पाणी पाटातून वाहते. वरच्या काठावर पाटाचे दार उघडणाऱ्याला खालच्या काठावरचा रिकामा हंडा आठवला, तरच ते तत्त्व खऱ्या अर्थाने अमलात येईल.