डावा हात वहीवर

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी मी 1996 साली फॉक्सप्रोमध्ये पट्टीचा प्रोग्रॅम लिहिला. डॉसच्या निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. माउस नाही, चित्रं नाहीत. शेतकऱ्याची हळद सौद्यात विकली गेली की पोत्यागणिक वजन, मिळालेला दर, हमाली-तोलाई वजा जाता हाती पडणारी रक्कम, एवढंच त्याचं काम. दुकानाच्या दिवाणजींनी आठ दिवसांत तो हाताखाली घातला. त्यानंतर त्यांचा फोन यायचा तो फक्त प्रिंटरची रिबन संपली की.

2001 साली मी त्याची विंडोज आवृत्ती केली. व्हिज्युअल बेसिक शिकलो होतो, अंगात वारं शिरलं होतं. करड्या बटणांवर छोटी चित्रं काढली, सेव्हच्या बटणावर फ्लॉपी, छपाईच्या बटणावर प्रिंटर. पहाटेच्या एसटीनं साताऱ्याहून निघालो, कराडला चहा घेतला आणि दहाच्या आत दुकानात हजर. त्या दिवशी मी नवा शर्ट घातला होता, हे आता सांगायला हरकत नाही.

हंगाम मार्चचा. दुपारपर्यंत प्रोग्रॅममध्ये अर्धवट पट्ट्यांचा ढीग झाला. कुणाचं एकाच पोत्याचं वजन, कुणाचा दर कोरा.

"सातारकर, हे काय करून ठेवलंय वो?" दिवाणजी म्हणाले. "एंटर मारला की पट्टी पळून जातीया."

माझ्या लेखी चूक त्यांची होती. विंडोजमध्ये एका चौकटीतून दुसरीत जायचं ते टॅबनं, आणि एंटर म्हणजे 'झालं, घे'. हे काही मी ठरवलेलं नव्हतं, जगाची रीत होती. मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "सवय होईल, दिवाणजी."

"मलाच का? त्याला लावा की सवय."

मी हसलो. ते हसले नाहीत. मुक्कामाला राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून राहिलो. पाच वर्षांत हे मी एकदाही केलं नव्हतं. प्रोग्रॅम दाखवायला त्यांच्यामागे उभा राहिलो होतो, पण शेजारी बसून त्यांचे हात कधी पाहिले नव्हते.

दिवाणजींचा डावा हात वजनाच्या वहीवर होता. तर्जनी ओळीवर, एक आकडा झाला की बोट एक ओळ खाली. डोळे त्या बोटामागं. उजवा हात कीबोर्डच्या उजव्या टोकाला, आकड्यांच्या कळांवर. पडद्याकडे ते बघतच नव्हते. आकड्यांच्या त्या कळांशेजारी मोठं एंटर असतं, करंगळीला सापडेल असं. टॅब असतो पार डाव्या टोकाला. म्हणजे प्रत्येक पोत्यामागं डावा हात वहीवरून उचलायचा, टॅब दाबायचा, परत वहीवर येऊन आपली ओळ शोधायची. समोर शेतकरी उभा, त्याला गावाकडची गाडी गाठायची.

मी पडदा रंगवत बसलो होतो आणि माणूस वही वाचत होता. आमच्या भांडणाचं मूळ एवढंच होतं. त्या रात्री लॉजवर बसून एंटरला टॅबचं काम दिलं आणि शेवटच्या चौकटीनंतर 'पट्टी ठेवू का?' एवढा एक प्रश्न घातला. चित्रांची बटणं तशीच ठेवली, मालकांना ती आवडली होती.

मेनूवरही त्यांचा राग होता. एकात एक तीन मेनू उघडल्यावर मागची बाकी दिसायची. "हे हरिपूरचं पेव झालं," ते म्हणाले. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीत पेवं खणायचे. तोंड अरुंद, पोट प्रशस्त, आणि उघडलं तरी आत कोंडलेली हवा जाईपर्यंत कुणी उतरायचं नाही. मेनूवर इतकी नेमकी टीका मी कुठल्याच पुस्तकात वाचली नाही. ती बाकी मी पहिल्या पडद्यावर आणली.

म्हणून वापरणारा नेहमी बरोबर, असं मात्र मी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्यानं प्रोग्रॅम फार वर्षं सांभाळलेला नसतो. साताऱ्यातल्या एका पतसंस्थेत मागेल ते देत गेलो. वारसाचं नाव इथंच हवं, जामीनदार इथंच, फोनही इथंच. दहा वर्षांत तो पडदा एसटी स्टँडावरच्या वेळापत्रकासारखा झाला, आणि नवीन कारकून आला की पहिले पंधरा दिवस नुसता बघत राहायचा. एका ठिकाणी मला जुनी नोंद पुसायची सोय मागितली, तीही माग न ठेवता. किर्दीत खाडाखोड करत नाहीत, उलट नोंद करतात, हे मी त्यांनाच ऐकवलं. ते गिऱ्हाईक गेलं. पुढं 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग ठेवणं सक्तीचं झालं, तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मोठेही चुकतात. 2012 च्या विंडोज 8 मध्ये मायक्रोसॉफ्टनं कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण काढून टाकलं आणि पुढच्या वर्षी 8.1 मध्ये निमूटपणे परत आणलं. मधल्या काळात मला सर्वांत जास्त फोन आले ते 'कॉम्प्युटर बंद कसा करायचा' म्हणून. उलट टॅली बघा. 2020 मध्ये टॅलीप्राइम आलं तेव्हा मेनूंची मांडणी बदलली, पण एफ5 ला पेमेंट, एफ6 ला पावती, एफ8 ला विक्री तशीच राहिली. तिथं कुणीतरी मुनीम मंडळींचे हात पाहिले असावेत.

आता माझं. मी मराठी टायपिंग शिकलो ते मशिनवर. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिली ती साताऱ्यात. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, कारण कागदावर ती आधी दिसते. सरकारमान्य इन्स्क्रिप्टमध्ये ती अक्षरानंतर येते, कारण बोलताना ती नंतर येते. इन्स्क्रिप्टची मांडणी जास्त शहाणी आहे, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. मी ते चार लोकांना पटवूनही दिलंय. स्वतः मात्र पंचवीस वर्षं टाइपरायटरचीच मांडणी वापरत आलो. गेल्या महिन्यात मी लिहायला वापरतो त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि तिच्यातून ती मांडणी गायब. फोन केला. पलीकडे एक मुलगा होता, आवाजावरून पंचविशीतला.

"काका, इन्स्क्रिप्ट सोपं आहे. सवय होईल."

काय बोलायचं ते मला नेमकं माहीत होतं, पण ते वाक्य माझं नव्हतं. फोन ठेवला आणि हा लेख घेऊन बसलो. 'दिवाणजी' लिहायला गेलो की बोट आधी वेलांटीवर जातं, आणि पडद्यावर ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ उमटतं, वेलांटी अंगाशी घेऊन 'द'ची वाट बघत.