आमचे हे तसे नाहीत

1990च्या दशकात कुणी मला विचारलं असतं की एचआयव्हीचा धोका कुणाला, तर मी सांगलीच्या गोकुळनगर या वेश्यावस्तीकडे बोट दाखवलं असतं, नाहीतर पुणे-बंगळूर हायवेवरच्या ट्रकवाल्यांकडे. आरोग्यसेविका म्हणून गावोगाव हेच सांगत होते. एका नवऱ्याची, घरातली बाई माझ्या हिशेबातच नव्हती.

विटा-आटपाडीकडचे पुरुष गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगलेले, माण-खटावचे मुंबईत हमालीला. जत्रेला, दिवाळीला घरी येणार. बायकांशी विषय काढला की ठरलेलं उत्तर, "बाई, आमचे हे तसे नाहीत." मलाही ते पटायचं. माणसाच्या स्वभावावरून आम्ही रोगाचा अंदाज बांधत होतो.

1997 साली डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा पुण्यातला अभ्यास प्रसिद्ध झाला. गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या, देहविक्री न करणाऱ्या स्त्रियांपैकी 100 मागे जवळजवळ 14 जणींना एचआयव्ही होता. बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी आलेला. मी हादरले.

इकडे गोकुळनगरात 'संग्राम' ही संस्था 1992पासून काम करत होती. तिथल्या बायकांनी पुढे वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी केली. निरोध नाही तर गिऱ्हाईक नाही, असं त्या एकमेकींच्या जोरावर सांगू लागल्या. गावातली सून हे नवऱ्याला कुठल्या तोंडाने सांगणार? निरोध मागितला की तिच्यावरच संशय. धोका आहे हे कळूनही तिला तो टाळता येत नव्हता, आणि मी मात्र तिला नुसती माहिती देऊन परतत होते.

एचआयव्ही असलेल्या पुरुषाशी आलेल्या एका संबंधातून बाईला लागण होण्याची शक्यता सरासरी हजारात एकाहून कमी. हे ऐकून पुरुष निर्धास्त होतात. पण नुकतीच लागण झालेल्याच्या रक्तात विषाणू भरमसाट असतात, गरमीची जखम असेल तर धोका आणखी वाढतो, आणि संसार काही एका रात्रीचा नसतो. उलट, औषधं नेमाने घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, त्याच्याकडून जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. गाव नेमकं त्यालाच टाळतं, आणि कधीच तपासणी न केलेल्या चांगल्या घरच्या मुलाला डोळे झाकून मुलगी देतं.

नवरा कसा आहे, हे मी आता विचारत नाही. दोघांची तपासणी कधी झाली, एवढंच विचारते. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते, नाव गुप्त राहतं. तो यायला तयार नसेल, तर तिला एकटीला घेऊन जाते.