ऑक्टोबरची पहिली तारीख

आमच्या भागात साठ-सत्तर वर्षांपूर्वी जन्मलेल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. बाप पोराला शाळेत घालायला घेऊन जायचा. गुरुजी जन्मतारीख विचारायचे. बाप सांगायचा, "पोळ्याच्या पुढंमागं झालाय बघा, नदीला मोठा पूर आला त्या साली." मग गुरुजी पोराचा उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लागतो का ते बघायचे, आणि लागला की दाखल्यावर १ जून लिहून मोकळे व्हायचे. माझीही तारीख तीच, १ जून १९६१. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी माणूस आदल्या महिन्याच्या शेवटी निवृत्त होतो. त्यामुळे मीही ३१ मे २०१९ ला जिल्हा परिषदेच्या शाळेतून बाहेर पडलो. त्या दिवशी किनवट तालुक्यात हार-नारळाचे कार्यक्रम बरेच होते. त्या सगळ्यांना कुणा ना कुणा गुरुजींनी एकाच दिवशी जन्माला घातलं होतं.

माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, एवढीही तारीख नव्हती. ते निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकले आणि पुढं इस्लापुरात किराणा दुकान चालवलं. स्वतःचं वय विचारलं तर ते अंदाजानं सांगत. पण सैगलचा जन्म कधीचा, रफीसाहेबांचा कधीचा, बाबूजींचा, म्हणजे सुधीर फडक्यांचा, कधीचा, हे त्यांना तोंडपाठ. आणि या सगळ्या तारखांत त्यांची एक तारीख सगळ्यांहून वरची होती, १ ऑक्टोबर. त्या दिवशी दुकानातला रेडिओ सकाळपासून चालू असायचा आणि गिऱ्हाइकाला मीठ-मिरची बांधून देताना आप्पा त्याला विचारायचे, "आज काय हाय, माहितीय का?" गिऱ्हाईक म्हणायचं, "उद्या गांधीजयंती." आप्पा मान हलवायचे. "उद्याचं उद्या. आज काय हाय?"

आज गजानन दिगंबर माडगूळकर जन्मले, शेटफळ्याला, १९१९ साली. आणि आजच, त्याच १९१९ साली, त्याच दिवशी, तिकडं उत्तर प्रदेशात सुलतानपूरकडच्या एका घरात मजरूह सुलतानपुरी जन्मले. शिवाय त्यांच्या तेरा वर्षं आधी, १९०६ साली, याच तारखेला पूर्व बंगालात कुमिल्ल्याला संगीतकार सचिनदेव बर्मन. आप्पांच्या लेखी पहिल्या दोघांचं एकाच दिवशी येणं हा योगायोग नव्हताच. ते ठरवून आले होते असंच ते मानत.

असं का, हे कळायला इस्लापूर कुठं आहे ते सांगावं लागेल. पैनगंगेच्या काठाला, सहस्रकुंड धबधब्याच्या जवळ, सागाच्या रानाच्या कडेला. एका अंगाला विदर्भ, दुसऱ्या अंगाला तेलंगण. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तोवर आम्ही हैदराबाद राज्यात होतो, तेही नांदेड जिल्ह्यात नाही, तर आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात. पुनर्रचनेच्या कायद्यात बोथ तालुक्याचं इस्लापूर सर्कल असा आमचा नावानिशी उल्लेख आहे. गावाला स्वतःची जन्मतारीख म्हणायची तर तीच. तेव्हा कचेरी उर्दूत, बाजार तेलुगू-मराठीत, बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी, रानातल्या गुड्यावर गोंडी आणि देवळात तुकोबा. आप्पा हिशेब उर्दूत लिहायचे आणि एकादशीला भजनात टाळ धरायचे. त्यांच्या डोक्यात या दोन भाषांची दोन वेगळी घरं नव्हती. म्हणून एका तारखेला एक मराठी कवी आणि एक उर्दू शायर जन्मतो, ही गोष्ट त्यांना आपल्याच घरातली वाटायची.

कालनिर्णय निघालं १९७३ साली. आमच्या दुकानात ते लागलं तेव्हापासून आप्पा दरवर्षी ऑक्टोबरचं पान उलटलं की पेन्सिल घ्यायचे. २ ऑक्टोबरचा चौकोन लाल, सुट्टीचा. त्याच्या आधीचा साधा काळा. त्या काळ्या चौकोनात ते एका बाजूला मराठीत 'गदिमा' लिहायचे आणि दुसऱ्या बाजूला उर्दूत मजरूहसाहेबांचं नाव. सचिनदांसाठी जागा उरत नसे. ते नाव खालच्या समासात जाई. मला उर्दू येत नव्हती. ती अक्षरं मी चित्र बघावं तशी ओळखायला शिकलो.

सकाळी रेडिओ सिलोन लागायचं. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा जवळ यायचा आणि दूर जायचा. साडेसात ते आठ जुन्या चित्रपटांची गाणी आणि आठाला तीन मिनिटं कमी असताना सैगल. त्या वेळेला आमच्या गल्लीत घड्याळं लावून घेतली जात. मजरूहांनी मुंबईत पाऊल ठेवलं ते १९४५ साली, मुशायऱ्यासाठी. शिकले होते हकिमी. नौशादनी त्यांच्याकडून 'शाहजहान'ची गाणी लिहून घेतली, आणि १९४६ साली आलेल्या त्या चित्रपटात त्यांचे शब्द थेट सैगलच्या गळ्यात गेले. जानेवारी १९४७ मध्ये सैगल गेले. म्हणजे आठाच्या आधीच्या त्या तीन मिनिटांत कधीकधी मजरूहच बोलत असायचे आणि आप्पांना ते आधीच कळायचं. गाणं सुरू व्हायच्या आत हात वर.

गीतरामायण आमच्याकडं उशिरा आलं. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला आकाशवाणी पुण्यानं ते सुरू केलं आणि आठवड्याला एक गाणं या बेतानं छप्पन्न गाणी झाली. शब्द गदिमांचे, चाल सुधीर फडक्यांची. पुण्याच्या घराघरांत म्हणे रेडिओला हार घालत. पण पुणे केंद्राचा आवाज आमच्या रानापर्यंत पोचत नव्हता, आणि आम्ही तेव्हा पुण्याच्या राज्यातही नव्हतो. आप्पांनी ते ऐकलं पुष्कळ पुढं, परभणी केंद्र सुरू झाल्यावर. त्याची भाषांतरं मूळ चालीवर झाली, हिंदीत, बंगालीत, कन्नडमध्ये, संस्कृतात आणि तेलुगूतही, हे त्यांना एका तेलुगू व्यापाऱ्याकडून कळलं. ते ऐकून आप्पा कितीतरी दिवस खुशीत होते.

मला स्वतःला या तारखेची खरी गोडी लागली ती 'सुजाता'मुळं. बिमल रॉय यांचा १९५९ चा चित्रपट, अस्पृश्य घरात जन्मलेल्या आणि ब्राह्मण घरात वाढलेल्या मुलीचा. त्यात नदीवर एक नावाडी गातो. ते गाणं सचिनदांनी स्वतः गायलं आहे. चाल त्यांचीच, त्यांच्या पूर्व बंगालातल्या भटियालीच्या वळणाची, आणि शब्द मजरूहांचे. म्हणजे १ ऑक्टोबरची दोन माणसं एका गाण्यात. सचिनदा त्रिपुराच्या राजघराण्यातले, पण आवाज राजवाड्यातला मुळीच नाही. अनुनासिक, थोडा चिरका, लांब पाण्यावरून येणारा. मी तो ऐकला तेव्हा सहस्रकुंडाच्या खालच्या डोहात जाळं टाकणारे भोई माझ्या नजरेसमोर आले. बंगालातल्या चालीला उत्तर प्रदेशातला माणूस शब्द देतो आणि ते गाणं मराठवाड्यातल्या पोराला आपल्या नदीचं वाटतं. हे कसं होतं याचा मी आयुष्यभर विचार केला आहे. मला वाटतं, सचिनदा लोकगीतातून सूर उचलताना त्यातला श्वास तसाच ठेवत. ओळ संपली तरी ते घाईनं पुढं जात नाहीत. नाव वल्हवणाऱ्याला दोन वल्ह्यांच्या मध्ये जेवढी सवड असते तेवढी ते ओळींच्या मध्ये ठेवतात.

या दोघांनी मिळून केलेलं काम आठवलं तरी मन भरून येतं. 'पेइंग गेस्ट', 'चलती का नाम गाडी', 'काला पानी', 'बात एक रात की', 'तीन देवियाँ', 'ज्वेल थीफ', आणि १९७३ चा 'अभिमान'. संगीतावरचा इतका प्रामाणिक हिंदी चित्रपट मी दुसरा पाहिलेला नाही. मजरूह त्याआधी, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत, सरकारवर टीका करणाऱ्या कवितेपायी तुरुंगात जाऊन आले होते. माफी मागितली नाही. आणि त्याच तारखेचे गदिमा १९५७ साली व्ही. शांताराम यांच्यासाठी 'दो आँखें बारह हाथ' लिहितात, कैद्यांवर विश्वास टाकणाऱ्या जेलरची गोष्ट. तिचं मूळ औंध संस्थानात आटपाडीजवळ झालेल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगात आहे, म्हणजे गदिमांच्या स्वतःच्या मुलखात. १९६९ साली सचिनदांना आणि गदिमांना एकाच यादीत पद्मश्री मिळाली. मजरूहांना १९९३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार, गीतकाराला मिळालेला पहिला. हे मी वर्गात सांगायचो तेव्हा पोरं म्हणायची, गुरुजी, तिघांची राशी एकच असंल.

वर्गाचं सांगतो. परिपाठात दिनविशेष असतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार झाले की एक मुलगा फळ्यावरचा दिनविशेष वाचतो. बहुतेक शाळांत एखाद्या पुस्तकातून उतरवलेल्या दोन ओळी असतात, कुणी जन्मला, कुणी वारला, संपलं. मला ते कधी पुरेसं वाटलं नाही. संगीतकाराची तारीख आणि गाणं नाही, याला अर्थ काय? म्हणून मी नांदेडहून भरून आणलेल्या कॅसेटी शाळेत न्यायचो. तिथल्या दुकानात कागदावर गाण्यांची यादी दिली की आठ दिवसांनी साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट भरून मिळायची. त्या कॅसेटीला हटवणारी सीडीही १ ऑक्टोबरचीच. १९८२ साली याच दिवशी जपानात सोनीचा पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला. आमच्याकडं मात्र सीडी यायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली आणि आली तशी ती गेलीही.

एका वर्षी फळ्यावर मी आणखी एक ओळ लिहिली: आंतरराष्ट्रीय संगीत दिन. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्या पुढाकारानं १९७५ पासून तो १ ऑक्टोबरला पाळतात. मेन्युहिन आपल्याला परके नव्हेत. १९५२ साली ते भारतात आले, पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांकडून योग शिकले आणि पुढं रविशंकरांबरोबर बसून वाजवलं. त्यांना हा दिवस मोठ्यांच्या जयंत्यांसाठी नको होता. सगळ्या देशांतल्या, सगळ्या थरांतल्या लोकांनी एकमेकांचं संगीत ऐकावं, एवढं त्यांना हवं होतं. पहिला संगीत दिन झाला त्याच महिन्याच्या शेवटी, ३१ ऑक्टोबर १९७५ ला, सचिनदा गेले.

ती ओळ वाचून प्रधानांच्या घरातला एक मुलगा उभा राहिला. प्रधान म्हणजे गोंडांचे परंपरागत गायक. किंगरी वाजवून ते पेनांच्या, म्हणजे गोंडांच्या देवांच्या, कथा गातात. मुलगा म्हणाला, "गुरुजी, आमचा आजा बी गातो. त्याचा वाढदिवस कवा?" वर्गात कुणी हसलं नाही, कारण कुणाच्याच आजाला तारीख नव्हती. दिवाळीत गोंडांची दंडार निघते, होळीला तांड्यावर लेंगी गाणी होतात, नवरात्रात माहूरच्या वाटेवर गोंधळी संबळ वाजवतात. हे सगळं तिथीवर चालतं, चंद्रावर चालतं आणि दरवर्षी इंग्रजी तारखेवरून पुढंमागं सरकतं. गाणारे त्याहून निसटते. नोंद नाही म्हणून जयंती नाही, जयंती नाही म्हणून दिनविशेष नाही. मी त्या मुलाला सांगितलं, तुझ्या आजाचा आजच. १ जून लिहिणाऱ्या गुरुजींना जो अधिकार होता तो मलाही होता, आणि मी तो विचार करून वापरला.

आप्पा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. १ ऑक्टोबर २०१९, गदिमा आणि मजरूह या दोघांची शताब्दी, त्यांना बघायला मिळाली नाही. नवरात्राचा तिसरा दिवस होता, सोयाबीनची कापणी आणि माहूरला जाणाऱ्या गाड्यांची गर्दी. त्या वर्षी महाराष्ट्रभर गदिमांचे आणि त्याच वर्षी शताब्दी आलेल्या पु. लं.चे, बाबूजींचे कार्यक्रम झाले, ते योग्यच होतं. मजरूहांसाठी आमच्या बाजूला कुठं काही झाल्याचं मी ऐकलं नाही. ते मला लागलं. ज्या जिल्ह्यानं इतकी वर्षं जमिनीचे कागद उर्दूत वाचले, त्यानं एवढं करायला हवं होतं. मग मी घराच्या ओसरीवर सतरंजी अंथरली, जुने विद्यार्थी बोलावले आणि दोघांची गाणी आलटून पालटून लावली. मजरूहांचे शब्द अडले तिथं आप्पांच्या एका उर्दू शिकलेल्या मित्रानं, ते आता नव्वदीला टेकलेत, अर्थ सांगितला.

तेव्हापासून मधली करोनाची वर्षं सोडता हे चालू आहे. सुरुवात गदिमांनी होते, मग 'सुजाता', मग कुणी भजन म्हणतं. प्रधानांचा तो मुलगा आता किनवटला नोकरी करतो. त्याचा आजा राहिला नाही, पण चुलता किंगरी घेऊन येतो. त्याची एकच अट असते, मध्ये थांबवायचं नाही. पेनाची कथा सुरू केली की ती शेवटाला गेली पाहिजे, आणि ती एका रात्रीत शेवटाला जात नाही. गेल्या वेळी पहाटे तीनला लोक पेंगायला लागले तेव्हा कथा अर्ध्यात होती आणि तो नाराज होऊन उठला. म्हणून या वर्षी ३० सप्टेंबरच्या संध्याकाळपासून बसायचं ठरवलं आहे. गदिमा आणि मजरूह दुसऱ्या दिवशी दुपारी. मळणीयंत्रवाल्याला तेवढे दोन दिवस आमच्या गल्लीकडं यंत्र आणू नको म्हणून सांगून ठेवलं आहे.